होडीवरची माती

लातूरसारख्या गावात होडी कशाला, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता मी उत्तरच देत नाही. जिथं नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नाही, तिथं आमच्या अंगणात शिडाची होडी आहे. ती आमच्या ह्यांनी आणली, एवढं सांगितलं की ह्यांना, म्हणजे बापूसाहेबांना, ओळखणारा माणूस पुढं काही विचारत नाही. मुकाट्यानं चहा पितो.

हे कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि एनसीसीच्या नौदलाच्या पोरांची कवायत घ्यायचे. कॉलेजचं जुनं सामान भंगारात निघालं तेव्हा बाकीच्या प्राध्यापकांनी कपाटं घेतली, टेबलं घेतली. आमच्या साहेबांनी प्लायवूडची होडी घेतली. दोन-तीनदा धरणावर नेऊन शीड लावलं, एकदा बुडता बुडता वाचले, मग निमूटपणे तिला अंगणात आणून विटांच्या खांबांवर पालथी घातली. मी म्हटलं, "आता हिच्याखाली कोंबड्या पाळू या." ते आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

आणि मग त्र्याण्णवचा भूकंप झाला, आणि त्या होडीनं मला चांगलंच तोंडावर पाडलं. किल्लारीकडची गावंच्या गावं गेली. लातूरला आमच्या घराला नुसती एक भेग पडली, पण स्लॅबखाली झोपायची कुणाची छाती होईना. सगळी कॉलनी अंगणात, रस्त्यावर, ताडपत्र्या बांधून. आम्ही आपले होडीखाली, एका अंगाला शीड पडद्यासारखं सोडून. शेजारणी बघायला यायच्या. ह्यांची मान अशी ताठ की विचारू नका.

चांगुणाबाई मला तेव्हाच भेटली. मी शिकवायची त्या शाळेत भूकंपग्रस्तांसाठी स्वयंपाक चालायचा, तिथं ती भाकरी थापायला बसायची. औशाच्या पलीकडच्या एका लहानशा गावची. म्हैस व्यायला झाली होती म्हणून त्या रात्री ती शेतातल्या कोपीत, गवताच्या झोपडीत राहिली. नवरा आणि दोन लेकरं घरात. घर माळवदाचं, म्हणजे दगडामातीच्या भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर मातीचं जाड छत. पहाटे घर नव्हतं, घरातलं कुणी नव्हतं. शाळेत ती कुणाशी चकार शब्द बोलायची नाही. तिची भाकरी मात्र अशी फुगायची की बघत राहावं. मदतीचा स्वयंपाक बंद झाला तेव्हा मी तिचा हात धरला आणि तिला घरी घेऊन आले.

थंडी संपली तशी आम्ही घरात गेलो. ती गेली नाही. "बाई, मला स्लॅपखाली डोळा लागत न्हाई," म्हणाली. मी शाळामास्तरीण, सवयीप्रमाणे दटावलं. एकदा आत झोपायला लावलंही. ती उजाडेपर्यंत भिंतीला हात लावून बसली होती. त्यानंतर मी कानाला खडा लावला. सरकारनं दिलेलं पक्कं घर तिनं दिराला देऊन टाकलं आणि होडीखालीच संसार मांडला. एक खाट, एक ट्रंक, देवाची तसबीर. त्या जागेला ती घर म्हणायची, आणि हळूहळू आम्हीही म्हणायला लागलो.

मधल्या सतरा-अठरा वर्षांत लातूर ओळखू येईनासं झालं. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला खेड्यापाड्यांतून, परभणी-नांदेडहून पोरांचे लोंढे आले, आणि आमच्या कॉलनीतल्या दर दुसऱ्या घराचं होस्टेल झालं. मी रिटायर झाले तशी आम्ही दोघींनी त्या पोरांचे डबे सुरू केले. मी वरण-भाजी बघायची, ती भाकऱ्या. पोरं माझ्या भाजीला नाकं मुरडायची आणि तिच्या भाकरीसाठी भांडायची. असो.

आता मातीचं सांगते, कारण सगळं रामायण मातीचंच आहे. माळवदाच्या घराची एक रीत असते. मिरगाच्या आधी छतावर पांढरी माती पसरायची, म्हणजे पावसाळ्यात गळत नाही. चांगुणाबाईनं पहिल्याच वर्षी कुठूनतरी पांढरी माती आणली, होडीच्या पाठीवर कडेनं शेणामातीचा बांध घातला आणि चार पाट्या पसरून दिल्या. हे ओरडत बाहेर आले. मी म्हटलं, "असू द्या, उन्हापासून तुमच्या प्लायवूडला बरंच आहे. आणि तिच्या हाताला तेवढंच काम." मग दर वर्षी मिरग आला की माती. त्यावर गवत उगवायचं, ती उपटायची, पुन्हा लिंपायची. एकदा तर वर झेंडूसुद्धा आला होता.

भूकंपानंतरच्या अठराव्या वर्षी जूनमध्ये झड लागली, आणि सकाळी चांगुणाबाई ओली गोधडी घेऊन दारात उभी. "बाई, घर गळालंय." आत जाऊन बघितलं तर प्लायवूडला हातभर लांब चीर, आणि त्यातून गढूळ पाणी टपटप तिच्या उशीवर.

मला दुसरं काही सुचलंच नाही. शेजारी होस्टेलचा चौथा मजला चढत होता. मी पदर खोचला आणि सरळ तिथं गेले. शेषेराव म्हणून मुकादम होता.

"वरून विटा टाकता? खाली माणसं राहतात का जनावरं?"

"आमची वीट तुमच्याकडं कशी येईल काकू? मधी जाळी हाय की."

"जाळी हाय म्हणे! तुझ्या जाळीतनं हत्ती जाईल, हत्ती!"

तो बिचारा हो-हो करत राहिला. शेवटी म्हणाला, "माझा सुतार पाठवतो बघा." असा सिद्धेश्वर आमच्याकडं आला. मूळचा कंधारचा. होस्टेलात एका खोलीच्या चार खोल्या पाडायचं प्लायवूडचं काम तो करायचा. होडी बघून त्यानं डोकं खाजवलं. "सर, पार्टिशन करून राहिलो मी धा वरसं. पर होडी बापजन्मात न्हाई केली."

"मी सांगतो ना तुला," हे म्हणाले. हे सांगणार म्हटल्यावर मला धडकीच भरली.

आधी माती काढायची होती. चांगुणाबाईनं ती कुणाला काढू दिली नाही. स्वतः वर चढली, खुरप्यानं खरवडून पाट्या भरू लागली. चार बोटं थर असेल असं आम्हाला वाटलेलं, मधे तर वीतभर निघाला. कुंपणाशी मातीचा हा ढीग झाला. डब्यांची वेळ झाली तशी ती हात धुऊन डबे द्यायला गेली, आणि हे बॅटरी घेऊन होडीखाली शिरले.

बाहेर आले ते वर्गात उभं राहिल्यासारखे. "वीट नाही ही, सरोज. वरून मार बसला असता तर वर खड्डा असता. वर काहीच नाही. प्लायवूड खालच्या अंगानं फाटलंय. ओझ्यानं वाकून वाकून चिरलंय. वरच्या मातीनं चिरलंय."

"हळू बोला!" मी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की ते कळवळले. सिद्धेश्वरलाही दम भरला, "चांगुणाबाईपुढं ह्यातलं अक्षर काढायचं नाही. वीट पडली. शेषेरावाची वीट पडली. कळलं?"

"काकू, पर तेनं तर टाकली न्हाई..."

"कळलं का?"

"हाव, कळलं."

ह्यांना मात्र कळेना. सांगावंच लागलं. चांगुणाबाई त्या घराविषयी माझ्याशी एकदाच बोलली होती, मेथी निवडताना. भूकंपाच्या वर्षी त्यांचं माळवद गळायला लागलं होतं. नवऱ्याच्या मागं किती लागायचं म्हणून मिरगाच्या आधी तिनंच माती वाहून वर चढवली. एकाऐवजी दोन थर दिले. "लई बेस केलतं बाई. पावसाळाभर टिपूस न्हाई गळाला." एवढं म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. मला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. तिच्या लेकरांवर कोणती माती पडली होती ते सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. तिलाही माहीत असणार. पण माहीत असणं वेगळं, आणि आपल्या हातची माती पुन्हा आपल्याच डोक्यावरचं छत फाडतेय हे बघणं वेगळं. जगात एका जागी ह्या बाईला झोप लागते. तीही गेली तर तिनं जायचं कुठं?

हे म्हणाले, "बरं. पण दुरुस्त झाल्यावर ती पुन्हा माती टाकणार. त्याचं काय?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई भाजी आणायला गेली असताना सिद्धेश्वरच्या माणसांनी होडी उलटून सरळ केली. ती आली तर घर उताणं पडलेलं. पदर तोंडाला लावून उभीच राहिली. ह्यांनी तिच्यासाठी शिडाचाच मांडव घातला आणि खाट तिथं हलवली.

दुरुस्तीला लागणारं प्लायवूड पाण्यात टिकणारं हवं. दुकानदार सगळ्याच फळ्यांना वॉटरप्रूफ म्हणतात, म्हणून हे म्हणाले, आपण परीक्षा घेऊ. मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आपली गच्चीवर पापड बघत होते, खाली कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या. मला वाटलं, डाळ. आले, कुकर गार करून झाकण काढलं, तर आत लाकडाचे तुकडे! माझ्या लग्नातल्या मोठ्या कुकरात ह्या माणसानं प्लायवूड शिजवलं होतं! दोन तुकड्यांचे पापुद्रे सुटून पापडासारखे झाले होते, एक तसाच टणक. "हा पास!" हे म्हणाले. मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. कुकर गेला कामातून, वास काही जाईना. चांगुणाबाई मात्र भाकरी थापायची थांबली आणि खदखदून हसली. "सर, जरा फोडणी तरी द्यायची!" ते हसू ऐकून माझा राग निम्मा झाला. निम्माच.

मग काम सुरू झालं. सिद्धेश्वरनं चिरलेला भाग चौकोनी कापून काढला. आतल्या अंगानं मोठा तुकडा सरस आणि स्क्रूनं बसवला, बाहेरच्या भोकात बरोब्बर मापाचा दुसरा तुकडा. सरस हैदराबादहून बसनं मागवला होता. सांध्यावर काचेच्या धाग्यांचं कापड आणि राळ, मग घासणं, मग पुन्हा राळ. चुकलं की हे ओरडायचे, ह्यांचं चुकलं की सिद्धेश्वर खाली बघून हसायचा. पाऊस आला की दोघं मिळून ताडपत्री धरायचे. म्हातारपणी ह्यांना असं खूश मी बघितलं नव्हतं. खरं सांगते, बरं वाटलं.

मी तिकडं शेषेरावाशी रोज भांडत होते. भांडण थंड पडलं तर विटेची गोष्ट खोटी पडेल ना! चांगुणाबाईच्या कानावर जाईल अशा बेतानं कुंपणाशी उभी राहून ओरडायची. तोही एव्हाना हुशार झाला होता. "व्हय काकू, आमचीच चूक," म्हणायचा आणि विडी पेटवायचा.

काम संपत आलं. चांगुणाबाई एके दिवशी कुंपणापाशी बसून ढिगातले खडे वेचताना दिसली. "काय चाललंय गं?"

"माती चाळून ठेवायले, बाई. चांगली मुरलेली माती हाय. पुना वर टाकायला बरी."

"अगं, नको. सर म्हणतात नवा रंग खराब होतो."

"रंग चाटायचाय व्हय? छतावर माती नसली तर घर उघडं वाटतं, बाई."

मी आत येऊन ह्यांच्यावर घसरले. हे शांतपणे म्हणाले, "सरळ सांगून टाक तिला."

"तुम्ही जन्मभर पोरांना भार आणि बल शिकवलंत. बाईला काय सांगायचं ते मला शिकवू नका."

"नाही शिकवत. पण उद्या ती झोपलेली असताना ते तिच्यावर आलं, तर कुणाशी भांडशील?"

सांगितलं तर तिची झोप जाणार, नाही सांगितलं तर जीव. आगीतून फुफाट्यात. त्या रात्री मला तर स्लॅबखालीही डोळा लागला नाही आणि कुठंच लागला नसता.

होडी पुन्हा पालथी घालायच्या दिवशी सिद्धेश्वर एकटाच आला. त्याची माणसं होस्टेलच्या कामावर अडकली होती. हे म्हणाले, "चौघं आहोत की. चांगुणाबाई, तुम्ही पुढचं टोक धरा. सरोज, तू ह्या अंगाला."

होडी एवढी वर्षं तिच्या डोक्यावर होती, पण तिला हात लावून उचलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. ज्वारीचं पोतं उचलायचं असल्यासारखे तिनं पाय रोवले, कासोटा आवळला, दात-ओठ खाल्ले आणि जोर लावला. टोक असं झटकन वर आलं की ती मागंच पडायची.

"अगं बाई!" ती म्हणाली. टोक हातात धरून तशीच उभी राहिली. "एवढंच व्हय?"

"प्लायवूड आहे ते," हे म्हणाले. "सावकाश. आता फिरवा."

आम्ही होडी फिरवली, खांबांवर ठेवली. हे आणि सिद्धेश्वर सांधा बघायला वाकले. चांगुणाबाई होडीखाली गेली. मला वाटलं, खाट कुठं लावायची ते बघत असेल. ती गुडघ्यांवर बसली, खांदा आणि पाठ वरच्या कडेला लावली आणि वर रेटलं. होडीची एक कड विटांवरून बोटभर उचलली गेली. तिनं ती खाली टेकवली. पुन्हा रेटलं. पुन्हा टेकवली.

"चांगुणाबाई, काय करतेस?"

"बाई, वीट पडली न्हवती ना?"

"पडली की! मी स्वतः त्या शेषेरावाला..."

"तुम्ही लई चांगलं भांडता, बाई. पर खोटं बोलताना तुमच्या नाकावर घाम येतो." ती आतून माझ्याकडं बघत होती. आवाज एकदम साधा. "माती काढली तवाच कळलं मला. टाकताना वरसाला चार पाट्या, त्याचं कुठं वजन वाटतंय? काढताना दोन्ही हात भरून आले. माझ्या सासूनं टाकली, तिच्या सासूनं टाकली, मग मी टाकली. घर बांधल्यापासनं सगळी टाकतच आली. काढली कुणीच न्हाई."

"अगं, तुला काय ठाऊक होतं? कुणाला काय ठाऊक होतं? सगळ्या गावानं..."

"न्हवतं ठाऊक. म्हणूनच तर बगायले." तिनं खांदा पुन्हा कडेला लावला. होडी बोटभर उठली. "बगा, उठतंय. माझ्यासारख्या म्हातारीनं उठतंय." मग ती थांबली, आणि होडी तशीच खांद्यावर धरून म्हणाली, "असं छत असतं तर लेकरं उठून बाहेर आली असती, बाई."

इतके दिवस मला वाटत होतं, हे तिला कळलं की ती मोडून पडेल. ती ताठ होती. मीच चिखलात फतकल मारून बसले आणि लहान पोरीसारखी रडायला लागले. हे बावचळून नुसते "सरोज, अगं सरोज" करत राहिले. सिद्धेश्वरनं टोपी काढून हातात धरली.

"ती माती न्यायला सांगा कुणाला तरी," चांगुणाबाई आतून म्हणाली. "होस्टेलवाल्याला भरावाला लागती. घिऊन जाऊ द्या." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "रडू नका. या आत. एकटीनं बोटभरच उठतंय. तुम्हीबी खांदा लावा."

मी रांगत होडीखाली गेले. तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसले, पाठ वर लावली. साठी ओलांडलेल्या दोन बायका, एकीचे गुडघे गेलेले, दुसरीची कंबर. आम्ही रेटलं. होडी चांगली हातभर वर गेली आणि सगळं ऊन एकदम आमच्या तोंडावर आलं.

"रंग! अगं, रंग ओला आहे!" हे ओरडले.

चांगुणाबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही. तिचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ती त्या उघड्या जागेकडं बघत होती, तिथून आत्ता कुणीतरी बाहेर पडत असल्यासारखी.

"अजून एकदा, बाई," ती म्हणाली.

आम्ही होडी खाली टेकवली, आणि पुन्हा उचलली.